गाठीची साखर तोडली तर शेक लागू पडतो का?

जीवरस

नागपुरात कोणाच्या घरी घशाचा कॅन्सर निघाला की पहिल्या आठवड्यात चहातली साखर बंद होते. मग भात, मग केळी, मग संत्र्याचा रस. बिडी मात्र "एकदम सोडली तर त्रास होईल" म्हणून हळूहळू कमी करायची ठरते, आणि ते हळूहळू काही संपत नाही.

मी बायोकेमिस्ट्री शिकवतो, डॉक्टर नाही. तरी ओळखीपाळखीतून कोणी ना कोणी फोन करतंच: "सर, गाठ साखरेवर जगते म्हणे. मग साखर तोडली तर शेक जास्त लागू पडेल ना?" एकदा सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गाठीचा चयापचय आणि तिचं रेडिएशनला (आपण शेक म्हणतो ते) न जुमानणं यांचा संबंध खरा आहे. पण तो ताटातल्या साखरेतून जात नाही, ऑक्सिजनमधून जातो. आणि ऑक्सिजनसाठी घरी करण्याजोगं जे थोडंफार आहे, नेमकं तेच आपण टाळतो.

साखरेची गोष्ट निघाली ऑटो वारबुर्गपासून. या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात गाठींचे पातळ काप घेऊन मोजमाप केलं. समोर भरपूर ऑक्सिजन असूनही त्या पेशी ग्लुकोज अर्धवट मोडून लॅक्टिक ॲसिड बाहेर टाकत होत्या. ग्लुकोज पूर्ण जाळलं तर एका रेणूमागे तीसेक एटीपी (पेशीची ऊर्जेची नाणी) मिळतात, या अर्धवट पद्धतीत हाती लागतात दोन. (वारबुर्गला १९३१ चं नोबेल मिळालं ते श्वसनाच्या एन्झाइमसाठी. "कॅन्सरचं कारण शोधलं म्हणून नोबेल" हा व्हॉट्सॲपवरचा मजकूर साफ चुकीचा आहे.) पेशी असा तोट्याचा व्यवहार का करते? कारण वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा माल लागतो. अर्ध्या वाटेवर वळवलेल्या ग्लुकोजमधून डीएनएचे तुकडे बनतात, पेशीच्या आवरणाची चरबी बनते, आणि आणखी एक गोष्ट बनते जी रेडिएशनच्या आड येते. तिच्याकडे नंतर येतो.

पेट स्कॅन याच खादाडपणावर चालतो. फ्लोरिन-१८ लावलेला ग्लुकोजसारखा रेणू शिरेतून देतात. गाठ तो ओढून घेते, पण पुढे मोडू शकत नाही, म्हणून तो तिथेच अडकतो आणि स्कॅनमध्ये चमकतो. ते रंगीत चित्र पाहिलं की नातेवाइकांना वाटतं, आता हिचं खाणंच बंद करू. पण तुम्ही साखर सोडली तरी रक्तातली पातळी राखायला यकृत बसलेलंच आहे. ते स्नायूंतलं प्रोटीन मोडून ग्लुकोज तयार करतं. उपाशी पडतो तो माणूस. गाठीला ग्लुकोज मिळत राहतं, आणि शिवाय ग्लुटामिन (प्रोटीनचा एक घटक), चरबी, एवढंच काय तिच्याच शेजारच्या पेशींनी टाकलेलं लॅक्टेटही तिला चालतं.

ऑक्सिजनचं पुढच्या प्रतिसादात लिहितो. प्रॅक्टिकलचे पेपर तपासायचे आहेत.

तर्कट

वाचतोय. पण "ऑक्सिजनमधून जातो" हे नुसतं विधान झालं. यंत्रणा सांगा.

इतवारीचा_पोट्टा

सर, बरं झालं धागा काढला. आमच्या मोठेबाबाले स्वरयंत्राचा निघाला, शेक पुढच्या सोमवारपासून सुरू होऊन राहिला. घरी साखर, गूळ, पोळी सगळं बंद करून टाकलं. मानूस आधीच बारीक, आता त नुसता वरनाच्या पान्यावर हाय. आन् हिमोग्लोबिन ९. रक्त चढवलं त शेक चांगला लागन काय?

जीवरस

@इतवारीचा_पोट्टा, आज रात्रीच पोळी सुरू करा. बाकीचं डॉक्टर सांगतील. हिमोग्लोबिनवर इथे माझ्यापेक्षा जाणकार कोणी बोलेल तर बरं.

@तर्कट, घ्या यंत्रणा.

किरण डीएनएवर थेट आदळून जेवढं नुकसान करतात त्यापेक्षा जास्त नुकसान पाण्यामार्फत होतं. एक्स-रेच्या बाबतीत हा वाटा साधारण दोन तृतीयांश. किरण पेशीतल्या पाण्याचा रेणू फोडतात, हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अतिशय चिडका तुकडा तयार होतो आणि तो अगदी जवळच्या डीएनएला चावतो. डीएनएवर जखम होते, पण ती अजून पक्की नसते. त्या क्षणी तिथे ऑक्सिजन असेल तर तो जखमेवर बसतो आणि ती कायमची होते. ऑक्सिजन नसेल तर पेशीतलं ग्लुटाथायोन (पेशीचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट) पुढे येतं, एक हायड्रोजन देऊन जखम जागच्या जागी मिटवतं. सगळा खेळ सेकंदाच्या अगदी बारीक अंशात उरकतो. म्हणून ऑक्सिजन नसलेल्या पेशीला मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो. हे आकडे जुने आणि पक्के आहेत. लुई हॅरॉल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्येच ऑक्सिजनचा मुद्दा मांडला होता. रेडिएशनचा डोस ज्या "ग्रे" मध्ये मोजतात तो हाच ग्रे.

आता गाठीत ऑक्सिजन कमी का? १९५५ मध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या गाठींचे काप पाहून दाखवलं की रक्तवाहिनीपासून दीडशे-पावणेदोनशे मायक्रॉनच्या पुढे पेशी मेलेल्या असतात. म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शापर्यंतही ऑक्सिजन पोचत नाही. पेंचच्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे समजावायला नको: हेडवाले उपसा करतात, टेलवाल्याच्या चारीला पाणीच येत नाही. वाहिनीजवळच्या पेशी ऑक्सिजन पिऊन टाकतात, आणि मेलेल्या पट्ट्याच्या अलीकडे जो अर्धमेला पट्टा उरतो तो जगतो ग्लुकोज अर्धवट मोडून. शेकाला दाद देत नाहीत त्या या पेशी.

त्यांच्यात एचआयएफ-१ नावाचं प्रोटीन साठतं. ऑक्सिजन असताना ते लगेच मोडलं जातं, नसताना टिकतं आणि पेशीचं सगळं वळण बदलतं: ग्लुकोज आत ओढणारी दारं वाढव, लॅक्टेट बनवणारं एन्झाइम वाढव, नव्या रक्तवाहिन्यांना सांगावा धाड. पेशी ऑक्सिजनचा अंदाज कसा घेते हे शोधल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता ती राहिलेली गोष्ट. ग्लुकोजचा एक फाटा पेंटोज फॉस्फेट मार्गाने जातो आणि त्यातून एनएडीपीएच तयार होतं. वापरून संपलेलं ग्लुटाथायोन पुन्हा कामाला लावतं ते हेच. म्हणजे गाठ ग्लुकोज खाते त्यातला एक घास थेट किरणांपासून बचावासाठी जातो. काही गाठींत केईएपी-१ किंवा एनआरएफ-२ या जनुकांत बिघाड असतो आणि ही बचावाची व्यवस्था कायम चालू राहते. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी रेडिएशनला जड जातात. तेव्हा "साखर आणि शेक यांचा संबंधच नाही" असं मी म्हणणार नाही. संबंध आहे, पण तो पेशीच्या आतला आहे, जेवणाच्या ताटावरून तिथे हात पोचत नाही.

मशीनरूम

मी रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट आहे, शहरातल्याच एका सेंटरला. जीवरस सरांनी आतली बाजू सांगितली, मी बाहेरची सांगतो.

पहिल्या दिवशी पेशंटचा मास्क बनवतो. प्लास्टिकची जाळीदार शीट असते, गरम पाण्यात टाकली की फडक्यासारखी लोळते. दोघांनी दोन बाजूंनी धरून चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत ओढायची, नाकाशी आणि हनुवटीखाली बोटांनी दाबून घ्यायची, थंड होईस्तोवर पेशंटने गिळायचंसुद्धा नाही. निघाली की कडक, आणि गालावर जाळीचे चौकोन उमटलेले. पुढचे सात आठवडे रोज तोच मास्क लावून टेबलाला क्लिपा ठोकायच्या, कारण सगळा प्लॅन मिलिमीटरवर बेतलेला असतो.

साखर तोडलेला पेशंट आम्हाला चौथ्या आठवड्यात कळतो. मास्क लावल्यावर गालाजवळ माझी दोन बोटं आरामात जातात. आत मान हलते. मग पुन्हा सीटी, पुन्हा मास्क, पुन्हा प्लॅनिंग, आणि त्यात दोन-तीन दिवस जातात. ज्या गाठीला उपाशी मारायला निघाले होते तिला फुकटची सुट्टी मिळते.

उमरेडवाली

मशीनरूम दादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या यांचा मास्क असाच सैल झाला होता.

पण मी वेगळं विचारते. तोंड आतून सोललेलं असतं हो. पाणी गिळताना माणूस डोळे मिटून घेतो. अशात त्यांना काय खाऊ घालायचं? आमच्या घरी तर आठवड्याला सावजी लागायचं, तर्री पोह्याशिवाय रविवार उजाडत नव्हता. शेजारणीने सांगितलं नुसतं तूप-बदाम-अंडी द्या, कीटो म्हणतात त्याला, गाठ सुकते. दुसरी म्हणाली गव्हांकुराचा रस. मी दोन्ही करून पाहिलं, यांनी दोन्ही ओकून काढलं.

रात्रपाळी

ईएनटीत रेसिडेंट आहे, नाव लिहीत नाही.

उमरेडवाली ताई, कीटोने घशाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन चांगलं लागू पडतं असं माणसांवरच्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही. उंदरांत काही बरे निकाल आहेत, पण उंदराला तोंड आलेलं नसतं आणि त्याला कोणी गिळायला लावत नाही. या काळात किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे. साठ किलोच्या माणसाला अठराशे कॅलरी. तिखट बंद, आंबट बंद. मुगाची पातळ खिचडी तूप घालून मिक्सरमधून काढा, दुधात सातूचं पीठ आणि साखर, हो साखर, नाचणीची पेज, अंडं चालत असेल तर दुधात फेटून शिजवलेलं. डायबिटीस असेल तर साखरेचं गणित डॉक्टर औषधाने बसवतील. गिळणं अगदीच बंद पडलं तर नाकातून नळी टाकून घ्या. नळीला लोक घाबरतात, "नळी लागली म्हणजे संपलं" म्हणतात. उलट नळी असलेला पेशंट शेक पूर्ण करतो.

@इतवारीचा_पोट्टा, हिमोग्लोबिनचा प्रश्न भारी आहे, कारण उत्तर उलटं निघालं. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांचे निकाल वाईट येतात हे खरं. म्हणून २००३ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या पेशंटना शेकाच्या काळात एरिथ्रोपोएटिन या रक्त वाढवणाऱ्या औषधाची इंजेक्शनं दिली. हिमोग्लोबिन झकास वाढलं आणि कॅन्सरवरचा ताबा कमी झाला. डेन्मार्कमध्ये रक्त चढवून पाहिलं, त्यानेही गाठीवर फायदा दिसला नाही. फार कमी असेल, चक्कर येत असेल, दम लागत असेल तर रक्त चढवतातच, ते डॉक्टर ठरवतील. पण "शेक लागावा म्हणून" दोन बाटल्या शोधत फिरू नका.

बिडी पितात का मोठेबाबा?

इतवारीचा_पोट्टा

पेतात. आन् खर्रा पन. लपून. पानठेल्यावाला वयखीचा हाय, पन्नीत घोटून खिशात टाकून देते. मी बोललो त म्हंते, "आता गाठ निघालीच, अजून काय होनार बे."

रात्रपाळी

अजून बरंच होतं. कॅनडातली १९९३ ची पाहणी आहे. डोक्या-मानेच्या कॅन्सरचे पेशंट, रेडिएशन चालू. ज्यांनी त्या काळात सिगारेट चालू ठेवली त्यांच्यात गाठ पूर्ण विरघळली ४५ टक्के जणांची. ज्यांनी ओढली नाही त्यांच्यात ७४ टक्के. दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ३९ आणि ६६. एवढा फरक पाडणारं औषध निघालं असतं तर कंपनीने किती लाखांना विकलं असतं याचा विचार करा. अर्थात ही चाचणी नव्हती, पाहणी होती. ओढणारे आणि न ओढणारे इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. तरी कारण समजण्यासारखं आहे: धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. सकाळी शेकाआधी दोन बिड्या मारून आलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन कागदावर १२ असलं तरी त्यातलं थोडं निकामीच.

तर्कट

बिडीचं पटलं. पण खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना, त्यात धूर नाही. मग खर्ऱ्यावर एवढा राग कशाला? ऑक्सिजनचा मुद्दा तिथे लागू होत नाही.

जीवरस

बरोबर, होत नाही. खर्ऱ्याचा हिशेब वेगळा. सुपारीने तोंडाचं अस्तर आवळत जातं, तोंड दोन बोटं उघडत नाही, मग नळी टाकायची, दात काढायचे, तपासायचं, सगळंच अवघड. चुना सोललेल्या तोंडावर काय करतो ते वेगळं सांगायला नको. आणि तंबाखू चालू राहिली तर दुसऱ्या जागी नवी गाठ निघण्याचा धोका तसाच राहतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण पन्नीवर हाताने घोटलेला खर्रा चौकाचौकात मिळतो, ते इथे कोणाला सांगायचं.

निसर्गमित्र_६२

एवढी मोठमोठी नावं घेता, पण मूळ कारण कोणी बोलत नाही. शरीर आम्लयुक्त झालं की गाठ होते. रोज सकाळी अर्धा चमचा खायचा सोडा लिंबूपाण्यात. सोबत गुळवेल, आवळा आणि व्हिटॅमिन ई च्या गोळ्या, म्हणजे शेकाचे दुष्परिणाम होत नाहीत. माझ्या मेव्हण्याला गुण आला.

जीवरस

काका, गाठीभोवती आम्ल असतं ही गोष्ट खरी आहे, तिथे पीएच साडेसहा-पावणेसातपर्यंत उतरतो. पण ते आम्ल गाठीने लॅक्टिक ॲसिड टाकून केलेलं असतं, शरीराने नाही. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये ठेवायला फुप्फुसं आणि मूत्रपिंडं चोवीस तास राबतात, तुमचा अर्धा चमचा काही तासांत लघवीतून निघून जातो. सोड्याच्या गुळण्या मात्र जरूर करा. कोमट पाण्यात थोडा सोडा, थोडं मीठ, दिवसातून पाच-सहा वेळा. तोंडाला आराम पडतो. गिळायचं नाही, थुंकायचं.

व्हिटॅमिन ई बद्दल मात्र गोडीने बोलता येणार नाही. वर ग्लुटाथायोनचं लिहिलं ते पुन्हा वाचा. अँटिऑक्सिडंटची गोळी तेच काम करते, गाठीतही करते. कॅनडातल्या क्युबेकमध्ये ५४० पेशंटवर चाचणी झाली, २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. तोंड येणं वगैरे त्रास थोडे कमी झाले, पण गाठ पुन्हा उद्भवण्याचा कल गोळ्या घेणाऱ्यांत जास्त दिसला, आणि गोळ्या चालू असताना दुसरे कॅन्सरही जास्त निघाले. जेवणातला आवळा, भाजी, फळ यांनी काही बिघडत नाही. मूठभर गोळ्या शेकाच्या काळात नकोत. गुळवेलीचं तुमच्या डॉक्टरांना सांगूनच काय ते करा, लपवून नको.

निसर्गमित्र_६२

ॲलोपॅथीवाले असंच म्हणणार.

तर्कट

काकांना सोडा. माझा खरा प्रश्न. ऑक्सिजनचं १९५३ पासून माहीत आहे म्हणता. मग सत्तर वर्षं काय केलं? ऑक्सिजन द्या, नाहीतर ऑक्सिजनचं काम करणारं औषध द्या. झालं.

जीवरस

केलं ना, आणि बहुतेक वेळा तोंडावर आपटले. मला या विषयात सगळ्यात रंजक वाटतो तो भाग हाच.

आधी पेशंटला जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या टाकीत ठेवून शेक दिला. थोडा उपयोग झाला, पण रोज कोण करणार? मग औषधं आली. डेन्मार्कने निमोराझोल वापरलं, मेट्रोनिडाझोलच्या घराण्यातलं. शेकाआधी गोळ्या, त्या ऑक्सिजनच्या जागी जखमेवर बसतात. १९९८ मध्ये निकाल चांगला आला आणि डेन्मार्कमध्ये ते नेहमीचं औषध झालं. मग ब्रिटनने स्वतंत्र चाचणी केली, त्यात फायदा दिसला नाही. नेदरलँड्समध्ये स्वरयंत्राच्या कॅन्सरला कार्बोजेन वायू हुंगवला, म्हणजे ९८ टक्के ऑक्सिजन आणि २ टक्के कार्बन डायऑक्साइड, सोबत निकोटिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप. स्वरयंत्रातल्या गाठीवर फरक नाही, मानेतल्या गाठींवर थोडा.

सगळ्यात मोठा दणका टिरापाझामिनचा. हे औषध ऑक्सिजन नसलेल्याच पेशीत विषारी होतं, म्हणजे कागदावर अगदी नेमकं. ८६१ पेशंट, अनेक देश, निकाल २०१० मध्ये: शून्य फायदा. पण त्याच चाचणीत तज्ज्ञांनी प्रत्येक पेशंटचा रेडिएशनचा प्लॅन नंतर तपासला. प्लॅन नीट असलेल्यांत दोन वर्षांनी ७० टक्के जिवंत होते, गाठीवर परिणाम होईल इतका मोठा दोष असलेल्यांत ५०. रेणूंच्या मागे एवढे पैसे घातले आणि वीस टक्क्यांचा फरक निघाला तो रेषा कुठे आखल्या यात!

का फसतात याचा माझा अंदाज: सगळ्या गाठींत ऑक्सिजन कमी नसतो. ज्याला गरज नाही त्यालाही औषध दिलं की फायदा पातळ होतो. शिवाय शेक स्वतःच ही दुरुस्ती करत असतो. वाहिनीजवळच्या पेशी आधी मरतात, त्या ऑक्सिजन प्यायच्या थांबतात, आणि तो मागच्या पट्ट्यापर्यंत पोचतो. ७० ग्रे एकदम न देता ३५ तुकड्यांत देण्याचं एक कारण हे.

मशीनरूम

आणि म्हणूनच मधला दिवस चुकवायचा नसतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर वाचलेल्या पेशी भराभर वाढायला लागतात. एकूण उपचार एक दिवस लांबला की गाठीवरचा ताबा साधारण एक ते दीड टक्क्याने घटतो. पोळ्याला गावी गेले, लग्नाला गेले, "तोंड आलंय, आठ दिवस आराम करतो" म्हणाले, की हिशेब बिघडला. खरंच खाडा पडला तर डॉक्टरांना विचारून शनिवारी घ्या किंवा एका दिवशी दोनदा, मध्ये किमान सहा तास सोडून. आठवड्याला पाचऐवजी सहा शेक दिले तर काय होतं यावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने विकसनशील देशांत चाचणी घेतली होती. पाच वर्षांनी गाठ ताब्यात असलेल्यांचं प्रमाण ३० ऐवजी ४२ टक्के. नवं मशीन नाही, नवं औषध नाही, फक्त एक दिवस जास्त.

उमरेडवाली

आमच्या वेळी मशीनच चार दिवस बंद होती. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. "फोन करू" म्हणाले, केला नाही. भरपाई करता येते हे आज कळतंय.

इतवारीचा_पोट्टा

एक सांगा. कोविडमध्ये ते डीआरडीओचं पाकीट आलं होतं, पान्यात घोळून प्याचं. थे मूळचं कॅन्सरचं औषध होतं म्हंते कोनी. खरं काय?

जीवरस

खरं आहे, आणि या धाग्याशी थेट जुळतं. ते २-डीजी, म्हणजे २-डीऑक्सिग्लुकोज. पेट स्कॅनच्या रेणूचा भाऊच. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत घेते आणि पुढे मोडू शकत नाही. दिल्लीच्या इन्मास या डीआरडीओच्या संस्थेत त्यावर कित्येक वर्षं काम चाललं होतं, मेंदूच्या गाठींत शेकासोबत देऊन पाहण्याचं. कल्पना हीच की गाठीची ग्लुकोजची वाट अडवली तर तिला डीएनए दुरुस्त करता येणार नाही. लोकांनी ते सहन केलं, पण नेहमीच्या उपचारात ते बसलं नाही. पुढे मे २०२१ मध्ये कोविडसाठी आपत्कालीन परवानगी मिळाली. घशाच्या शेकासोबत द्यायचं औषध ते नाही, उरलेली पाकिटं शोधू नका.

तर्कट

आणि मेटफॉर्मिन? ते तर डायबिटीसचं, स्वस्त, घरोघरी.

रात्रपाळी

मेटफॉर्मिनमागची कल्पना मला आवडते. ते पेशीचा श्वास मंद करतं, म्हणजे वाहिनीजवळच्या पेशी कमी ऑक्सिजन पितात आणि मागच्यांना मिळतो. पुरवठा वाढवण्यापेक्षा खप कमी करणं जास्त परिणामकारक, असं गणितही सांगतं. पण फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमो-रेडिएशनसोबत देऊन दोन चाचण्या झाल्या, २०२१ मध्ये निकाल आले. एकीत फायदा नाही, दुसरीत मेटफॉर्मिनवाल्यांचं उलट वाईट झालं. डायबिटीससाठी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून चालू ठेवा. शेक लागावा म्हणून नव्याने सुरू करू नका.

सध्या रेडिएशन जास्त लागू पडावं म्हणून खरंच सिद्ध झालेली गोष्ट सिस्प्लाटिन, हे केमोचं औषध. ते कोणाला झेपत नसेल, किडनी किंवा कान साथ देत नसतील, तर मुंबईच्या टाटा मेमोरियलने आठवड्याला डोसेटॅक्सेल हे दुसरं केमोचं औषध शेकासोबत देऊन पाहिलं. दोन वर्षांनी जगलेल्यांचं प्रमाण ४१.७ वरून ५०.८ टक्के. मोठेबाबांच्या डॉक्टरांना "सिस्प्लाटिन बसतं का, नसेल तर दुसरं काय" एवढं जरूर विचारा.

इतवारीचा_पोट्टा

विचारतो. काल रात्री पोळी दुधात कुस्करून देल्ली, साखर टाकून. मोठी आई भांडली माह्याशी. बिडीचं बंडल मी घेऊन घेतलं, खर्ऱ्याचं काही सांगता येत नाही. अजून एक, शेक संपला की लगेच पेट करून पाह्यचा काय? मुंबईवाला भाऊ म्हंते पैसे मी देतो.

रात्रपाळी

लगेच नको. शेकाने सगळा भाग सुजलेला असतो, आणि सुजेतल्या पांढऱ्या पेशीही ग्लुकोज भरपूर ओढतात. स्कॅन लालेलाल दिसेल, घरात रडारड होईल आणि गाठ कदाचित नसेलही. शेक संपल्यापासून साधारण बारा आठवड्यांनी करायचा. ब्रिटनमध्ये ५६४ पेशंटवर हे तपासलं आहे: बारा आठवड्यांचा पेट स्वच्छ आला तर मानेचं ऑपरेशन न करता नुसतं लक्ष ठेवलेलं चालतं. भावाचे पैसे तोवर जपून ठेवा. सोमवारच्या आधी एकदा डेंटिस्टकडे मात्र घेऊन जा. किडलेले दात काढायचे असतील तर शेकाच्या आधीच काढतात, नंतर जबड्याचं हाड भरून यायला अवघड जातं. आणि दात काढावे लागले तर जखम भरायला दहा-बारा दिवस लागतात, तेव्हा सोमवार पुढे जाईल का हे रेडिएशनच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा.

इतवारीचा_पोट्टा

दाढ हालून राहिली त्यांची. आत्ताच लावतो फोन.